वासवी शक्ती, एकच नग

कर्णाला इंद्राने दिलेली शक्ती मी केलेली आहे. तशी मी भीमाची गदा केली, भीष्मांच्या अंगातले सगळे बाण केले आणि एक अख्खा हत्तीही केला. अख्खा म्हणजे पुढून अख्खा. मागची बाजू कॅमेऱ्याला दिसणार नव्हती. स्टुडिओत मला अस्त्रवाल्या वहिनी म्हणतात. मुळात मी तिथे गेले होते मुकुटांना टिकल्या चिकटवायला. एकदा गदा करणारा माणूस आला नाही, तेव्हा मी म्हटलं, बघू का करून? ती गदा भीमाच्या हातात अजून आहे.

शक्तीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. तरी सांगते, कारण आमच्या स्टुडिओत ती फारशी कुणाला ठाऊक नव्हती.

कर्ण जन्मला तोच अंगावर कवच आणि कानांत कुंडलं घेऊन. ती असेपर्यंत त्याला मरण नाही. अर्जुनाचा बाप इंद्र. बापच तो, ब्राह्मणाचं सोंग घेऊन आला आणि दोन्ही मागून घेऊन गेला. कर्णाने देताना हूं की चूं केलं नाही, तेव्हा इंद्रालाच जरा लाज वाटली आणि त्याने बदल्यात आपली वासवी शक्ती दिली. भाल्यासारखं अस्त्र, ज्याच्यावर सोडाल तो वाचणार नाही. अट एवढीच, की ते एकदाच वापरायचं. कर्णाने ते अर्जुनासाठी राखून ठेवलं, आपण चांगल्या कपबश्या खास पाहुण्यांसाठी कपाटात ठेवतो तसं. आणि ऐन युद्धात भीमाचा मुलगा घटोत्कच, आईकडून राक्षस, रात्रीच्या अंधारात असा काही सुटला की कौरवांची पळापळ झाली. सगळे कर्णाच्या मागे लागले, टाक बाबा ती शक्ती. त्याने टाकली. घटोत्कच मेला, अर्जुन वाचला. कपबश्या निघाल्या, पण पाहुणे भलतेच.

आमच्या मालिकेत घटोत्कचाचं काम हे करत होते. हे म्हणजे आमचे हे.

ह्यांचा नाटक-सिनेमाशी कधी संबंध नव्हता. कोल्ड स्टोरेजमध्ये खोकी उचलायचे. ते बंद पडलं आणि हे घरी बसले. बसले म्हणजे खरोखरच बसले. मुळातच बोलणं कमी. काही विचारलं तर उत्तर 'हं'. भूक लागली का? हं. ताप आहे का? हं. घर पेटलंय का विचारलं असतं तरी 'हं'च आलं असतं, फक्त जरा उशिरा. एक दिवस माझा विसरलेला डबा द्यायला स्टुडिओत आले. तिथे एका रथाचं चाक निखळलं होतं आणि चारपाच जण भोवती उभे राहून त्यावर चर्चा करत होते. ह्यांनी डबा माझ्या हातात दिला, रथ एका बाजूने उचलला, चाक बसवलं आणि निघाले.

दिग्दर्शक म्हणाले, "वहिनी, हे कोण?"

"आमचे हे."

"राक्षस होतील का?"

"विचारून सांगते," मी म्हटलं, आणि घरी जाऊन विचारलं. हे म्हणाले, "हं."

सासूबाईंना आधी वाईट वाटलं. "एवढा धिप्पाड माझा मुलगा. भीमाचं काम नाही का मिळालं?"

"भीमाचं दुसऱ्याला दिलंय, आई."

"मग निदान भीमाच्या मुलाचं तरी द्यायचं."

"तेच तर मिळालंय."

"मग राक्षस काय म्हणतेस!" त्या माझ्यावरच डाफरल्या आणि शेजारी सांगून आल्या, की आमचा मुलगा भीमाच्या घरातला आहे.

पण खरी गंमत पुढे झाली. घटोत्कचाला वाक्यं होती. "कोण आहे रे तिकडे?" "या सैन्याचा मी चुरा करीन!" अशी. ती पाठ करता करता ह्यांना स्वतःचा आवाज सापडला. इतकी वर्षं तो आत कुठेतरी, कोल्ड स्टोरेजमध्येच, ठेवलेला असावा. हे लिफ्टमध्ये लोकांची चौकशी करायला लागले. जेवताना दिवसभराचं सांगायला लागले: दुःशासन कसा चहात बिस्किट बुडवतो आणि मग मिशीच बुडवतो. मी घास हातात धरून ऐकत बसायची. ह्यांच्याशी लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, ओळख आत्ता होत होती.

व्यायामही सुरू केला होता. खोलीत सगळ्या गाद्या एकावर एक टाकायच्या आणि त्यांच्यावर धाडकन पडायचं. कधी पाठीवर, कधी कुशीवर. खालच्या मजल्यावरच्या बाई दोनदा वर येऊन विचारून गेल्या, भांडणं चालतात का म्हणून. मी म्हटलं, नाही हो, वजन उतरवताहेत.

अशात एक दिवस दिग्दर्शकांनी मला बोलावलं. "वहिनी, आता वासवी शक्ती लागेल."

शक्ती आली म्हणजे घटोत्कच गेला. घटोत्कच गेला म्हणजे हे घरी. घरी म्हणजे परत खुर्ची, खिडकी आणि 'हं'.

मी उसनं अवसान आणून कामाचं बोलले. "जड एक, फेकायची हलकी एक आणि एक जादा, अशा तीन करते." कुठलंही शस्त्र आम्ही असंच करतो. जवळून दाखवायचं ते जड, लांब फेकायचं ते हलकं, आणि तिसरं अशासाठी की नट लोक शस्त्रांवर बसतात.

"नाही," दिग्दर्शक म्हणाले. "एकच नग. एकदाच वापरता येणारं अस्त्र आहे ते. तीन पडलेली असली की नटाच्या डोळ्यांत ती किंमत दिसत नाही. एकच शक्ती, एकच टेक."

कुठल्या शहाण्या माणसाने युद्धाच्या मालिकेत वस्तू एकच करायला सांगितली असती? पण आमचे दिग्दर्शक गोष्टीशी प्रामाणिक. मला ते पटलं नाही, पण सोयीचं वाटलं. एकच असेल आणि तीच तयार नसेल, तर कोण कुणाला मारणार?

आमच्या कामात साच्यावर फायबरचं कापड बसवतात आणि त्यावर रेझिन लावतात. ते पाकासारखं असतं. त्यात हार्डनर मोजून घातलं की ते दगडासारखं होतं. हार्डनर कमी घातलं तर होत नाही. चिकट राहतं, आज, उद्या, परवा, केव्हाही. मी कमी घातलं.

"वाळली का?" दिग्दर्शक रोज दारातून विचारायचे.

"हवा दमट आहे साहेब."

"पंख्याखाली ठेवा."

"ठेवलीय. धूळ बसते."

खरंच बसायची. इंद्राच्या त्या अस्त्राला धूळ, दोन माश्या आणि माझ्या ओढणीचा एक धागा चिकटला होता. तिकडे घटोत्कच मरत नाही म्हणताना लेखकाला रोज नवीन माया काढावी लागत होती. आज वादळ, उद्या आगीचा पाऊस, परवा घटोत्कच एकाचे दहा. ह्यांची वाक्यं वाढत गेली. घरी जेवणं लांबत गेली. मी मनात म्हणायची, कर्णाने नसेल राखलं एवढं मी राखून ठेवलंय.

मग एका संध्याकाळी हे घरी आले, खिशातून राक्षसाचे सुळे काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "मला मारणार नाहीत."

मला आनंदच झाला. "म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत?"

"म्हणजे निवेदनात मारणार. एक वाक्य. 'आणि घटोत्कच धारातीर्थी पडला.' चॅनलला घाई झालीय. उद्या रात्रीच्या युद्धाचा सेट मोडणार."

"मग बरंच झालं की. पडायला नको, लागायला नको."

हे बोलायला लागले, सावकाश, एकेक खोकं उतरवून ठेवावं तसे. "अगं, माझ्या कामात आहे काय? मी येतो, हसतो, गुरगुरतो, धूर सोडतात, मी जातो. एवढे दिवस हे दात लावून हिंडलो ते कशासाठी? मरण्यासाठी. तेवढा एक सीन माझा आहे. बाकीचे सगळे नुसते उभे राहून बघणार. मध्ये कुणी बोलणार नाही. जन्मात एकदा तरी सगळ्यांनी थांबून माझ्याकडे बघावं, असा एक सीन."

"मग त्या गाद्या..."

"पडायचा सराव करत होतो. राक्षस कसा पडेल, झाडासारखा की भिंतीसारखा. तुला काय वाटलं?"

मला काय वाटलं ते मी सांगितलं नाही.

"आणि सगळं त्या शक्तीपायी! वाळतच नाही म्हणे. कसलं भिकार सामान देतात तुम्हाला?"

इथे मला सुटता आलं असतं. सामान देणारा माणूस तिथे नव्हता, त्याच्यावर ढकललं असतं तर त्याला उचकीसुद्धा लागली नसती. पण समोर ते सुळे पडले होते, आणि हे इतकं बोलले होते.

"सामान चांगलं आहे," मी म्हटलं. "मीच वाळू दिली नाही."

"का?"

"तुम्ही मेलात की परत घरी बसाल. परत हं, हं करत. मला नको होतं ते."

ह्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं. "कुणी विचारलं होतं तुला?" हे ओरडले, आणि तो आवाज ह्यांचा नव्हता, घटोत्कचाचा होता. कपाटातले पेले किणकिणले.

आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "अगं, मालिका सुरू झाली का? हाक नाही का मारायची!"

एरवी आम्ही पोट धरून हसलो असतो. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांत हे माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले होते. मला आधी, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. मग फार वाईट वाटलं.

सकाळी दिग्दर्शकांना त्यांच्या चहाच्या कपासकट गाठलं. "साहेब, शक्ती आज देते."

"हवा सुधारली वाटतं?"

"एकदम."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "जेवणाच्या सुट्टीच्या आधी दिलीत तर एक टेक घेतो. एकच. सुट्टीनंतर हे काळे पडदे काढून रणांगणावर सकाळ करायचीय मला."

आमची रात्र काळ्या पडद्यांची होती, आणि तिचे आता थोडेच तास उरले होते.

चिकट शक्ती कामाची नव्हती. नवीन रेझिन घेतलं, घाईत हार्डनर जास्त पडलं, ते तापलं, त्यातून धूर निघाला आणि तडकलं. मग मी फायबरचा नाद सोडला. पातळ नळी घेतली, तिच्यावर फोमची शीट कापून पाती बसवली, गरम गोंदाने बोटं भाजून घेतली, सोनेरी फवारा मारला. दिसायला अशी झाली की इंद्रानेही परत मागितली असती. हातात घेतली तर मात्र मोराचं पीस.

ती घेऊन सेटवर गेले तर वेगळाच तमाशा. कर्णाचं काम करणारे नट, ज्यांना सगळे अंगराज म्हणतात आणि तेही स्वतःला तेच म्हणतात, हाताची घडी घालून बसले होते.

"हे अस्त्र मी कुणावर टाकायचंय?"

"घटोत्कचावर," दिग्दर्शक म्हणाले.

"पण ते अर्जुनासाठी आहे."

"हो, पण पुढे तसं होत नाही."

"कुणी ठरवलं? मला कुणी विचारलं नाही." अंगराज पुढचं काही वाचत नाहीत, वाचलं तर भूमिका बिघडते म्हणतात. "पोस्टरवर मी शक्ती घेऊन उभा आहे आणि समोर अर्जुन आहे. लोक काय म्हणतील? राखून राखून शेवटी ह्याच्यावर?"

'ह्याच्यावर' म्हणजे आमच्या ह्यांच्यावर. हे रंग लावून, सुळे बसवून, केसांचा तो डोंगर डोक्यावर घेऊन मागे उभे होते. कालपासून माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. मला वाटलं, आता हे मान खाली घालून 'हं' म्हणतील आणि निघून जातील.

हे पुढे आले. "अंगराज, तुम्ही टाका तर खरं," ते म्हणाले. "मी असा मरतो, की अर्जुन मनात म्हणेल, सुटलो बुवा. लोक तुमचंच नाव काढतील."

"असं म्हणता?"

"मी छोटा मेलो तर तुमचं अस्त्रही छोटंच, नाही का?"

अंगराजांनी विचार केला. मग उठले आणि आरशात मुकुट सरळ केला. मी आ वासून बघत होते. एवढी बोलणी ह्यांनी आमच्या लग्नातही केली नव्हती.

पडदे ओढले. रात्र झाली. दिग्दर्शकांनी वादळाचा पंखा लावायला सांगितला, तो लावला तर माणूस हलतो एवढा मोठा. मी म्हणायला तोंड उघडलं, की साहेब, वस्तू हलकी आहे. तेवढ्यात दिग्दर्शक ओरडले आणि सगळं सुरू झालं.

अंगराजांनी शक्ती कपाळाला लावली. डोळे मोठे केले. किंमत दिसली, नाही असं नाही. मग अंगातला सगळा जोर लावून त्यांनी ती फेकली.

शक्ती निघाली. मध्यावर पंख्याच्या वाऱ्यात शिरली, थबकली, जरा वर चढली, आपल्याभोवती एक गिरकी घेतली आणि अल्लद खाली येऊन दोघांच्या मध्ये जमिनीवर आडवी झाली. आवाजसुद्धा केला नाही.

कौरव, पांडव, दिवे धरणारे, चहा देणारे, सगळे तिच्याकडे बघत राहिले. अंगराजांचा हात हवेत तसाच. दिग्दर्शकांचं तोंड उघडं. मी डोळे मिटून घेतले. माझ्याच हाताने दोनदा बुडवलं मी ह्यांना, एकदा उशीर करून आणि एकदा घाई करून.

कुणी 'कट' म्हणत नाही म्हणून डोळे उघडले.

ह्यांनी त्या पडलेल्या अस्त्राकडे पाहिलं. मग आपल्या छातीकडे पाहिलं. हात छातीवर नेला, जसं काही तिथे दुखलंय आणि अजून खरं वाटत नाहीये. चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. लहान मुलाला कुणी उगाच मारलं की रडू येण्याआधी त्याचा चेहरा होतो तसं. एक गुडघा टेकला. मान वळवून बाप कुठे दिसतो का ते पाहिलं. भीम कोपऱ्यात उभा होता, तो नकळत दोन पावलं पुढे आला. मग ह्यांना जणू आठवलं, की मरतानाही काम बाकी आहे. मरता मरता घटोत्कच अंग वाढवतो आणि कौरवांच्या सैन्यावर पडतो, असं गोष्टीत आहे. हे परत उठले, होते त्याहून उंच झाले, कसे झाले कोण जाणे, आणि कौरवांच्या बाजूला कलले. सैन्यातले लोक खरोखरच पळाले. मग हे पडले. झाडासारखे नाहीत, भिंतीसारखे नाहीत. दमून घरी आलेला माणूस पडतो तसे.

पंखेवाल्याने पंखा बंद केला होता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कुणीही मध्ये बोललं नाही.

बऱ्याच वेळाने दिग्दर्शक हळूच म्हणाले, "कट."

"पण साहेब, शक्ती लागलीच नाही," कॅमेऱ्यावरचा माणूस म्हणाला.

"दिव्य अस्त्र आहे ते," दिग्दर्शक नाक पुसत म्हणाले. "लागायलाच पाहिजे असं कुठे आहे?"

पुढे कॉम्प्युटरवर माझी शक्ती पुसून टाकली आणि तिथे एक उजेडाचा लोळ काढला. कर्णाच्या हातातून निघतो, ह्यांच्या छातीत शिरतो. त्या दिवशी सेटवर मी ती उचलायला गेले तेव्हा तिच्या पात्यावर कुणाचा तरी पाय पडलेला होता. बहुतेक अंगराजांचाच, ते ह्यांना मिठी मारायला धावले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे खुर्चीत बसले. मी आपली कामं करत होते, कान मात्र तिकडे. अकराच्या सुमाराला दिग्दर्शकांचा फोन आला.

"वहिनी, यजमान कुठेत? आले कसे नाहीत?"

"साहेब, ते मेले ना काल."

"म्हणून तर! एवढा राक्षस पडला, तो सकाळी गेला कुठे? प्रेत नको का तिथे? पाठवा त्यांना."

युद्ध अजून पुष्कळ बाकी होतं. तेवढे दिवस हे रोज डबा घेऊन कामावर गेले आणि मेलेले पडून राहिले. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ ह्यांना आडवं करत आणि लांबवर सैन्य लढत असे, म्हणजे हे डोंगराएवढे दिसत. जिवंतपणी हे कधी कॅमेऱ्याच्या इतके जवळ गेले नव्हते. मी एवढं राखून राखून ह्यांचे जे दिवस वाढवले, त्याच्या कितीतरी पट ह्यांनी मरून वाढवले. तक्रारी मात्र सुरू झाल्या. अर्जुन हातावर पाय देतो. पोट हलतं म्हणून दिग्दर्शक ओरडतात. एकदा द्रोणाचार्यांचं भाषण चालू असताना हे घोरले. हे सगळं मला जेवताना सांगत, माझ्याशीच, राग कधी गेला ते दोघांनीही विचारलं नाही.

तो भाग दाखवला त्या संध्याकाळी आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. खालच्या मजल्यावरच्या बाईही येऊन बसल्या. उजेडाचा लोळ निघाला, ह्यांच्या छातीत शिरला. हे सोफ्यावर पुढे सरकून बसले होते आणि स्वतःकडे बघत होते. पडद्यावर गुडघा टेकला, मान वळली.

"कुणाला बघतोय?" सासूबाईंनी विचारलं.

"बापाला," हे म्हणाले.

सासूबाईंनी नजर टीव्हीवरच ठेवून हात बाजूला नेला, चाचपडत ह्यांचं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं. घटोत्कच पडला, निवेदन झालं, जाहिराती लागल्या, तरी सोडलं नाही.